केळुसकरांची निळी गाडी

केळुसकर सर गेल्याला दोन महिने होत आले आणि त्यांनी निवडलेली गाडी आली.

नंदकुमार ही बातमी घेऊन रंजिताच्या केबिनमध्ये आला तेव्हा ती एका गिऱ्हाइकाशी फोनवर वाद घालत होती. केबिन तिची झाली होती, पण खुर्ची अजून तिने बदलली नव्हती, आणि त्या खुर्चीत ती कडेला बसल्यासारखी बसायची. नंदकुमार कंपनीचं ॲडमिन बघायचा. फोन संपेपर्यंत तो उभाच राहिला.

"शोरूममधून फोन होता," तो म्हणाला. "सरांच्या नावाची इस्टेट आलीय."

महाप्याच्या त्या पंप बनवणाऱ्या कंपनीत हा शब्द नवाच होता. मालक परदेशी. त्यांच्याकडे म्हणे सर्व्हिसची माणसं लांब पाठीची गाडी वापरतात, तिला इस्टेट म्हणतात, मागची सीट पाडली की पंपाचे सुटे भाग, हत्यारं सगळं आडवं मावतं. म्हणून इथल्याही सर्व्हिस हेडला या वर्षापासून तशी गाडी मिळणार होती. नंदकुमारने तेव्हाच थट्टा केली होती, "इस्टेट म्हटलं की आमच्या घरात कोर्टकचेरीच आठवते." पर्याय दोनच होते. एक स्पोर्टी, जमिनीलगत बसणारी, जोरदार इंजिनाची. दुसरी तशीच दिसणारी पण उंच, चारही चाकांना जोर देणारी. भारतात अशा गाड्या कोणी फारशा घेत नाही, त्यामुळे मागवाव्या लागत होत्या.

"गाडी कंपनीच्या नावावर व्हायची आहे अजून," नंदकुमार म्हणाला. "आता हेड तुमी. आहे तीच घ्या, नाहीतर रद्द करून दुसरी मागवा. शोरूम परत घ्यायला तयार आहे. पण मॅडम, आयती आलीय. दुसरीला परत थांबावं लागेल."

"बघते," रंजिता म्हणाली.

तो गेल्यावर तिला तो दिवस आठवला. पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. केळुसकर सर तिला म्हणाले होते, चल, तू पण बघ, पुढे तुलाच वापरायच्या आहेत असल्या गाड्या. तुर्भ्याच्या शोरूममध्ये त्यांनी आधी उंच गाडी चालवली आणि "ठीक आहे" म्हणाले. मग स्पोर्टीत बसले. पाम बीच रोडवरून परत आले, गाडी बंद केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले. आयुष्यभर चाळीसच्या पुढे न जाणारा माणूस, कान लाल झाले होते.

"हीच," ते म्हणाले होते. आणि थोड्या वेळाने, "घरी काही बोलू नकोस हां. मी सांगतो सावकाश."

मग एका सकाळी दाढी करता करता ते बाथरूममध्ये कोसळले.

गाडी आल्याचं कळलं त्याच संध्याकाळी सरांच्या पत्नीचा, सुचितावहिनींचा, फोन आला. नंदकुमारनेच काही कागदांसाठी त्यांना फोन केला होता आणि बोलता बोलता गाडीचं सांगून टाकलं होतं.

"रंजिता, गाडी आली म्हणे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, नीटनेटका. "ती फोर व्हील ड्राइव्हवाली. मला एकदा बघायची आहे. तुमची गाडी आहे, मला काही नको त्यातलं. नुसती बघून येईन."

चारही चाकांची म्हणजे ती उंच गाडी, आणि ती तर सरांनी घेतलीच नव्हती.

"माझ्या आईच्या घरासाठी घेत होते ना ते," वहिनी सांगत राहिल्या. "तुला माहीत नसेल. पोलादपूरच्या वर आमचं घर आहे. शेवटचा चढ नुसता दगडांचा, पावसात तर विचारू नकोस. आमची गाडी खालच्या देवळापाशी ठेवून चालत जायचो. मागच्या वर्षी आई आजारी पडली, तेव्हा खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणली तिला. त्या दिवशी हे म्हणाले, पुढची गाडी चारही चाकांची घेईन, तुझ्या आईच्या अंगणात लावीन. आणि खरंच तशी मागवली. त्यांनी सांगितलं मला बुकिंग झालं तेव्हा."

"शनिवारी जाऊ या," रंजिता कशीबशी म्हणाली. "मी घ्यायला येते."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ सीवूड्सच्या आपल्या फ्लॅटच्या खिडकीशी उभी राहिली. सरांचा तिला राग आला. मेलेल्या माणसावर रागावायचं कसं, हेही तिला कळेना. ज्या माणसाने तिला काम शिकवलं, चूक झाली तर वरच्यांपुढे स्वतः उभा राहिला, तो घरी असं सहज खोटं सांगून बसला होता. पण खरं सांगून मिळणार काय होतं? बाईकडे नवऱ्याची एक चांगली आठवण होती, ती काढून घ्यायची?

तिने शोरूमला फोन लावला. रमीज नावाचा सेल्समन होता, पनवेलचा, सरांना गाड्या दाखवणारा तोच.

"उंचवाली आहे तुमच्याकडे उभी?"

"डेमो आहे ना मॅडम. पांढरी."

"ती शनिवारी आत आणून ठेवाल? डेमोचे स्टिकर काढून?" आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं.

"ठेवतो," तो म्हणाला. "साहेब चांगले होते."

शनिवारी वहिनी नेरूळच्या त्यांच्या सोसायटीच्या गेटवर तयार उभ्या होत्या. इस्त्रीची फिकट साडी, खांद्याला कापडी पिशवी. वाटेत त्या मुलीबद्दल बोलल्या. क्षिप्रा परत कॅनडाला गेली होती. ती तिकडे बोलावते, पण आपल्याला थंडी सोसणार नाही म्हणाल्या. सरांबद्दल काही बोलल्या नाहीत. अंत्यविधीच्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या. आल्यागेल्याला पाणी विचारत फिरत होत्या, हे रंजिताने पाहिलं होतं.

शोरूममध्ये पांढरी गाडी दिव्याखाली उभी होती. रमीजने दार उघडून धरलं. वहिनी आधी भोवती फिरल्या. वाकून गाडीच्या पोटाखाली बघितलं, हात घालून अंदाज घेतला.

"एवढी उंच आहे म्हणजे त्या दगडांना लागली नसती," त्या म्हणाल्या.

मग मागच्या सीटवर बसल्या, शेजारची जागा हाताने चाचपली. "आई इथे बसली असती. तिचे गुडघे वाकत नाहीत फार. चालली असती ही."

रंजिताला वाटलं, झालं, निभावलं. पाच मिनिटांत निघू.

वहिनी खाली उतरल्या आणि त्यांनी पिशवीतून नारळ काढला. हळदीकुंकवाची पुडी, झेंडूची दोन फुलं.

"गाडीची पूजा ते नेहमी स्वतः करायचे. आता तू कर," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाताने नारळ वाढव. तुझीच आहे ना आता. मी नुसती उभी राहते."

रंजिताने नारळ हातात घेतला. रमीजने मान खाली घातली. त्या गाडीने कितीतरी अनोळखी माणसांना फेरफटका मारून आणला होता, उद्याही आणणार होती. तिच्यापुढे हा नारळ फोडायचा आणि वहिनींनी हात जोडायचे.

"वहिनी," ती म्हणाली, "ही ती गाडी नाही."

"म्हणजे?"

"सरांनी ही नाही घेतली. दुसरी घेतली. ती मागे उभी आहे."

वहिनींना पहिल्यांदा काही कळलं नाही. रंजिताने सांगितलं, दोन्ही गाड्यांचं, त्या दिवसाचं, स्टिकर काढून घेतल्याचं. सांगताना आपला आवाज ऑफिसातल्या मीटिंगमध्ये असतो तसा कोरडा झाल्याचं तिला जाणवत होतं, पण दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलता येईना.

मागच्या अंगणात निळी गाडी उभी होती. सीटवर अजून प्लास्टिक होतं. रुंद टायर, बोनेट लांब, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. चढ सोडाच, सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरही जपून न्यावी लागली असती.

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या.

"कोणाकोणाला माहीत होतं?"

"मला. आणि यांना."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना."

"वहिनी, ते सांगणार होते. म्हणाले होते, सावकाश सांगतो."

"सावकाश!" वहिनींचा आवाज एकदम चढला. "आई खुर्चीत होती तेव्हा एका बाजूने यांनी धरली होती ग. खांदा सोलला होता त्यांचा. विसरले? गाडी बघितली आणि विसरले?" त्यांनी निळ्या गाडीच्या टपावर हात आपटला. जोरात नव्हे, पण पलीकडे काम करणाऱ्या मुलीने मान वर केली. "मी आईला फोन करून सांगितलंय. ती अंगणातलं तुळशीवृंदावन हलवायला निघाली होती, जावयाची गाडी वळायला जागा हवी म्हणून."

पलीकडच्या रस्त्यावरून ट्रक जात होते.

थोड्या वेळाने वहिनींनी विचारलं, "चालवता येईल ही?"

"हिला नंबर नाही आलेला," रमीज म्हणाला. "पण हिचीच डेमो आहे बाहेर. साहेबांनी चालवली होती तीच."

"मी चालवीन," वहिनी म्हणाल्या.

रंजिता शेजारी बसली, रमीज मागे. वहिनी सफाईने गाडी चालवायच्या हे तिला माहीत नव्हतं. सानपाड्याहून त्या पाम बीचला लागल्या. उजव्या हाताला खारफुटी, पलीकडे खाडीचं करडं पाणी. सुरुवातीला त्यांनी गाडी संथ ठेवली. मग नेरूळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा पाय दाबला. गाडी नुसती पुढे गेली नाही, अंगात काही आल्यासारखी झेपावली. रंजिताने दाराची कडी धरली. वहिनींनी लगेच वेग आवरला, पण चेहऱ्यावर काहीतरी झालं होतं.

बेलापूरच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"छान आहे ग," त्या म्हणाल्या. "खरंच छान आहे."

आणि त्या रडायला लागल्या. कपाळ हातांवर टेकवून, आवाज न आवरता. रमीज हळूच उतरून लांब जाऊन उभा राहिला. रंजिताने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मला सांगितलं असतं तर भांडले असते," बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाल्या. "आठवडाभर बोलले नसते. आणि मग म्हटलं असतं, घ्या. एवढी वर्षं काही मागितलं नाही त्या माणसाने. शर्टसुद्धा मी आणीन तो घातला. त्याला बोलायची भीती वाटली माझी. हे लागतंय मला, गाडीचं नाही." मग डोळे पुसत, "नाही, गाडीचंही लागतंय. खोटं कशाला बोलू."

परत येताना त्यांनी विचारलं, "तू कुठली घेणार?"

"दुसरी. उंचवाली."

"माझ्यासाठी नको हां असलं काही करूस."

"नाही वहिनी. आमच्या निम्म्या साइट खाणींवर आहेत, चिखलात. ही तिथे पोचणार नाही. आणि मला एवढ्या वेगाची भीती वाटते."

वहिनींनी तिच्याकडे नीट बघितलं आणि ते खरं आहे असं त्यांना पटलं असावं.

सोमवारी रंजिताने निळी गाडी रद्द केली. नंदकुमारने आयती गाडी सोडल्याबद्दल दोन दिवस तोंड वाकडं केलं. कारण तिने सांगितलं नाही. तुर्भ्याहून ती गाडी पुढे कोणाकडे गेली, हे तिने विचारलं नाही.

वहिनी महिनाअखेरीस एसटीने पोलादपूरला गेल्या. तिथून एकदा त्यांचा फोन आला.

"आईला सगळं सांगितलं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"दोन दिवस यांचं नाव काढलं नाही तिने. रागच आला तिला, आणि मी काही तिची समजूत घातली नाही. आज सकाळी आपणहून म्हणाली, कुठल्या रंगाची होती? म्हटलं, निळी. तर म्हणाली, फोटो असेल तर दाखव." वहिनी थांबल्या. "तुझ्याकडे आहे का ग एखादा?"

रंजिताकडे नव्हता. तिने रमीजला फोन लावला.