खिशातल्या पिना

त्या गॅरेजात एकच नियम होता आणि तो नवराबायकोचा होता. नट मिस्त्रींनी लावायचा, पिन वहिनींनी घालायची. येणारंजाणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना वहिनीच म्हणायचं, तेव्हा आपणही तेच म्हणू.

गाडीच्या पुढच्या चाकामागे बॉल जॉइंट असतो. म्हणजे काय, तर लोखंडी वाटीत फिरणारा लोखंडी गोळा, आपल्या खुब्याच्या सांध्यासारखा. त्याची दांडी चाकाच्या बाजूच्या लोखंडात बसवायची, वरून खाचांचा नट आवळायचा आणि नट उलटा फिरू नये म्हणून खाचेतून पिन ओवून तिची टोकं वाकवायची. पिन ती केवढी, केसांच्या आकड्याएवढी! पण ती नसेल तर नट हळूहळू सैल होतो, एखाद्या खड्ड्यात दांडी निसटते आणि चाक गाडीखाली दुमडतं. मग हातातलं स्टिअरिंग नुसतं शोभेला उरतं.

मिस्त्री नट बेताचा आवळून सोडायचे आणि पान्याने पत्र्यावर दोनदा टकटक करायचे. मग वहिनी यायच्या, लांब दांड्याच्या पान्याने शेवटचा ताण द्यायच्या, खाच भोकासमोर आणून पिन घालायच्या आणि चाकही त्याच चढवायच्या. एकाच्या हातावर दुसऱ्याची नजर, असा हिशोब. त्यामुळे चाक चढलेलं दिसलं की मिस्त्री विचारायचेसुद्धा नाहीत. इतकी वर्षं विचारायची वेळच आली नव्हती.

काल सकाळी मात्र मिस्त्रींच्या जिभेला हाड राहिलं नाही. दोन गाड्या उभ्या होत्या, दोन्हींचे जॉइंट बदलायचे होते. एक लेकीची जुनी गाडी, दुसरी शाळेची व्हॅन. वहिनींनी नेहमीप्रमाणे दिवसभराच्या पिना डब्यातून काढून कोटाच्या खिशात टाकल्या. त्यातली एक खाली पडली आणि ती शोधायला त्या वाकल्या, तेवढ्यात मिस्त्री व्हॅनवाल्याला म्हणाले, "बघा, हिला आता पिन दिसत नाही. उद्या नटाऐवजी माझ्याच नाकात घालेल."

व्हॅनवाला खो खो हसला. वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या हातांनी निम्मं गॅरेज उभं केलं, त्या हातांची चारचौघांत अशी टिंगल?

"एवढं असेल तर घाला तुम्हीच!" म्हणून सापडलेली पिन खिशात कोंबून त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या.

तिथपासून अबोला. पान्याची टकटक झाली, पण वहिनी हलल्या नाहीत. मला चिडवतोय मेला, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या गाडीपाशी पुन्हा टकटक झाली. मग मिस्त्री चहाला गेले. तेवढ्यात व्हॅनवाला दारात येऊन "वहिनी, मुलं खोळंबलीत हो, तेवढी चाकं चढवा ना" असं गयावया करायला लागला. त्या तणतणत उठल्या, दोन्ही गाड्यांची चाकं चढवली. आत वाकून बघितलं नाही. बघायचं कशाला? पिना घालणारे शहाणे आहेत ना आता! मिस्त्री परत आले तेव्हा चाकं चढलेली होती. चला, राग असला तरी काम केलंच बाईने, असं मनाशी म्हणत त्यांनी दोन्ही गाड्या जॅकवरून खाली उतरवल्या.

लेकीला घरात ढबू म्हणत. लहानपणी गोलमटोल होती म्हणून ढबू. आता काडी झाली तरी ढबूच. रात्रभर माहेरी राहून ती आज जेवण करून सासरी निघाली. वाटेत घाट होता. जाताना दोघांकडे बघून म्हणाली, "अजून बोलत नाही का एकमेकांशी? लहान मुलं बरी!" 

थोड्या वेळाने मिस्त्रींचा फोन वाजला. हात ग्रीसचे, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

"बाबा, घाटाच्या तोंडाशी थांबलेय. वळताना उजव्या चाकातून टक् टक् वाजतंय."

"अगं, नवा जॉइंट आहे. चार दिवस कुरकुरणारच. तुझा नवरा नाही का कुरकुरत होता? जा बिनधास्त."

ढबू हसली. फोन बंद झाला.

वहिनींनी मागच्या खोलीतून सगळं ऐकलं. नवा जॉइंट कधीपासून वाजायला लागला? प्रश्न अगदी ओठांवर आला होता, पण पहिलं कोण बोलणार? त्यांनी तो गिळला आणि कालचा कोट धुवायला घेतला. पाण्यात टाकण्याआधी खिसा चाचपला. बोटांना पिना टोचल्या.

क्षणभर त्यांना कळेचना, आपण हे काय धरलंय. मग कोट टाकून त्यांनी पिना मुठीत घेतल्या.

"अहो!" त्या बाहेर धावल्या. "काल पिना तुम्ही घातल्यात ना?"

मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "मी कशाला घालीन? तू चाकं चढवलीस ना?"

"चाकं चढवली. आत नाही बघितलं."

मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला.  त्यांनी लेकीला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. उचलणार कशी? गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा मिस्त्रींचाच दम होता. भिंतीवर लाल रंगात लिहूनही ठेवलं होतं. लेकीला दिला होता, तोच दम प्रत्येक ड्रायव्हरला. जो मोडेल त्याची गाडी दारात घ्यायची नाही.

दोघं आपल्या पिकअपमध्ये बसली. वहिनींनी पिना मुठीत तशाच आवळून धरल्या होत्या. घाट सुरू झाला. प्रत्येक वळणावर त्यांचे डोळे आधी दरीत जायचे, मग रस्त्यावर.

"सावकाश," त्या म्हणाल्या आणि लगेच म्हणाल्या, "जरा जोरात घ्या ना हो!"

मिस्त्री पुटपुटत होते, "खड्डा नको. देवा, फक्त खड्डा नको."

खड्डे होते. एकामागून एक होते. एका खड्ड्यापलीकडे रस्त्यावर ताजा ओरखडा उमटला होता, डांबर सोलत सोलत कडेपर्यंत गेलेला. मिस्त्रींनी ब्रेक दाबला आणि वहिनींनी डोळे मिटले.

"अगं बघ," मिस्त्री म्हणाले. "बघ, आहे ती. आहे."

गाडी कठड्याला नाक घासून उभी होती. उजवं चाक मोडक्या पायासारखं आत दुमडलं होतं. पुढे आणखी दोन दगड, की कठडा संपत होता. ढबू रस्त्यावर गाडीला पाठ लावून बसली होती. कपाळावर टेंगूळ होतं, पण ती धडधाकट होती. वहिनींनी तिला पोटाशी धरलं आणि मोठ्याने रडल्या.

"मी थांबून फोन केला होता बाबा," ढबू म्हणाली. "तुम्ही जा म्हणालात."

मिस्त्री तिच्यासमोर खाली बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"माझं चुकलं," वहिनी म्हणाल्या. "रागाच्या भरात वाकून बघितलं नाही मी. पिना माझ्याच खिशात राहिल्या." त्यांनी मूठ उघडली. तळहातावर पिनांचे व्रण उठले होते.

ढबू त्या पिनांकडे बघत राहिली. मिस्त्र्याचीच लेक ती, पाळण्यापासून गॅरेजात वाढलेली. तिने बोटाने एकेक पिन बाजूला सारली.

"आई, एका गाडीला किती लागतात?"

"दोन. एकेका चाकाला एक."

"मग या चार कशा?"

वहिनींनी तळहाताकडे पाहिलं. दुपारपासून मुठीत होत्या, पण लेकीपुढे दुसरं काही सुचलंच नव्हतं. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. 

"व्हॅन," ते म्हणाले.

व्हॅन जिथून मुलं आणायची, ती खालच्या गावातली शाळा सुटायची वेळ होऊन गेली होती. मिस्त्रींनी व्हॅनवाल्याचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. तिघंही फोनभोवती वाकून उभी राहिली. रिंग जात होती. व्हॅनवाला तसा फार आज्ञाधारक माणूस होता. मिस्त्रींचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.