म्हातारीने मला सोबत नेलं नाही

मी तांब्याचा हंडा बोलतोय. समुद्रापलीकडे ठोकला गेलो, दाढीवाल्या परक्यांच्या होडीतून इथवर, या थंड रानातल्या वस्तीत आलो आणि बीव्हर या केसाळ पाणप्राण्याच्या कातड्यांच्या बदल्यात आओनेत्ता म्हातारीच्या चुलीवर बसलो. तिने मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "भांडं बरं आहे. पण आणणाऱ्याच्या तोंडावर केवढं रान माजलंय."

मी पडलो तरी फुटत नसे. त्यामुळे घरातल्या बायकांनी मडकी घडवणंच सोडलं. मक्याची पेज शिजवताना मला फार ऐट वाटायची.

मग माझ्यामागून, त्याच होड्यांतून, ताप आला. त्यासाठी कातडी द्यावी लागली नाहीत, तो फुकट मिळाला. अनेक कुटुंबांच्या आमच्या लांबलचक घरातल्या अर्ध्या चुली विझल्या. शेवटी म्हातारीही आडवी झाली.

आमच्याकडे माणसाबरोबर त्याचं भांडं पुरतात, तेही फोडून. भांडं मेलं तरच तिकडे उपयोगी पडतं. आता माझी पाळी, असं धरून मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. नात आरेंदाने म्हातारीला विचारलं, हंडा उजव्या हाताशी ठेवू की डाव्या?

"तो नको गं. तिकडे माझी आई आहे, मावश्या आहेत. हसतील मला. म्हणतील, हिला साधं मडकं जमलं नाही."

"मेल्यावरही आईची भीती?"

"तू पाहिली नाहीस तिला."

पण मडकं करणाऱ्या सगळ्या तापात गेलेल्या. आरेंदाने कधी मातीला हात लावला नव्हता. मग म्हातारी पडल्या पडल्या शिव्या देत शिकवू लागली. दगड भाजून कूट, मातीत मळ, मुठीने खळगा पाड, कड पातळ कर, एवढी जाड तर तुझ्या आजोबाची मान होती. माती सुकेपर्यंत ती निव्वळ हट्टाने जगली.

जाळात मडक्याला उभी चीर गेली. ते पुढ्यात ठेवून आरेंदा रडू लागली. म्हातारीने चिरेवरून बोट फिरवलं.

"रडतेस काय? फुटकंच तर न्यायचं असतं. फोडायचे कष्ट वाचले."

दुसऱ्या दिवशी ती गेली, मडकं घेऊन. पुरायला आलेल्यांची पेज शिजवत मी चुलीवरच राहिलो. इतका अपमान माझा कधी झाला नव्हता.

आरेंदाचं दुसरं मडकं टिकलं. ते ओबडधोबड ध्यान आता माझ्या शेजारी असतं, आणि पेज त्यातलीच गोड लागते म्हणे. माझं बूड पातळ झालंय. भोक पडलं की मला कापून बाणांची टोकं करतील. खुशाल करा. फक्त एक तुकडा म्हातारीजवळ पुरा. तिची आई हसली तर हसू दे.