कोण वाचले?

मित्रांनो, माझ्या पोटात तीनशेबारा खून, अकरा लढाया आणि विहिरीत बुडवलेला एक राजपुत्र आहे. तरीही घाबरू नका. मी एक जुनी, रेघांची, दोनशे पानी वही आहे आणि स्वभावाने फार भित्री आहे.

कारखान्यात एका यंत्राने माझ्यावर निळ्या रेघा ओढल्या, दुसऱ्याने पाठीत दोरा घातला आणि वर लाल पुठ्ठा चिकटवला. दुकानाच्या फळीवर बसून मी स्वप्ने पाहत असे. कुणी माझ्यात गाणी उतरवून घेईल, एखादी आई बाळाचे बोबडे शब्द लिहून ठेवील. पण मला नेले एका वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी.

बाई मोठ्या प्रेमळ, पण त्यांना रक्त बघवत नसे, शाईतलेसुद्धा. मागच्या खोलीत खिडकीशेजारी एक कपाट होते. त्यात काळोख्या अद्भुत कादंबऱ्या होत्या. शापित राज्ये, माणसे खाणारे राक्षस, भावाच्या पाठीत सुरा खुपसणारे भाऊ! या पुस्तकांना वाचक पुष्कळ. जो तो येऊन म्हणायचा, "बाई, असंच आणखी एखादं भयंकर सांगा ना." बाईंचा चेहरा पांढराफटक पडायचा. शेवटी त्यांनी युक्ती काढली. मला कपाटाच्या खिळ्याला दोऱ्याने बांधले आणि जाहीर केले, "आता तुमचं तुम्ही एकमेकांना सांगा. मला मधे ओढू नका."

पहिल्या पानावर त्यांनी तीन रकाने आखले. पुस्तकाचे नाव. कसे आहे? आणि तिसऱ्यात, पुस्तक कोणत्या वाचकाने वाचले ते कळावे म्हणून, लिहायचे होते 'कोणी वाचले?' नेमकी तेव्हाच कुणीतरी हाक मारली आणि घाईत वेलांटी राहून गेली. झाले 'कोण वाचले?' बाई ते विसरूनही गेल्या. मला उघडायची त्यांची छाती नव्हती.

पहिल्या वाचकाने तो मथळा पाहिला आणि तो गालातल्या गालात हसला. 'लांडग्यांचा दरबार' या पुस्तकापुढे त्याने लिहिले, "कोणीच नाही." म्हणजे शेवटी कोणीच जिवंत राहत नाही! दुसऱ्याने 'मिठाचा किल्ला'पुढे लिहिले, "एक कुत्रा. तोही लंगडा." पुढे तो रिवाजच पडला. पुस्तक घरी नेण्याआधी लोक माझा तिसरा रकाना पाहू लागले. ज्याला जेवढे सोसेल तेवढे त्याने न्यावे. मी काळजीपोटी थरथरत असे, पण मनातून मला अभिमानही वाटे. माझ्यावाचून कुणाचे पान हलत नव्हते.

त्यात दोन हस्ताक्षरे माझ्या विशेष ओळखीची होती. 'सुईदोरा' या नावाने लिहीत शिवणकाम करणाऱ्या एक काकू. साठी उलटलेली, येण्याचा वार गुरुवार, आणि जिभेला धार कात्रीची. "पन्नास पानांत एकही मुडदा नाही. लेखकाला कुणाची भीड पडली?" असे त्या लिहीत. एकदा लिहिले, "खलनायक बरा आहे, पण त्याच्या झग्याचे वर्णन वाचून कळते की लेखकाने जन्मात एक काज केलेले नाही." 'बंबवाला' या नावाने लिहिणारा अग्निशमन दलात होता. तो पाळी सुटली की येई, कधी सोमवारी, कधी शनिवारी. त्यामुळे दोघांची कधी गाठ पडली नाही. त्याची अशी समजूत होती की सुईदोरा म्हणजे टाके घालणारे एखादे डॉक्टर असावेत. मला सगळे ठाऊक होते, पण वहीला तोंड नसते.

मग दोन महिने बंबवाला आलाच नाही. आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताला पट्टी होती. त्याने एकाही पुस्तकाला हात लावला नाही. मला उघडून त्याने लिहिले:

"सुईदोरा, गोदामाच्या आगीत आम्ही दोघे आत शिरलो होतो. मी एकटा बाहेर आलो. जोडीदाराला वाचवता आले नाही, आणि आता मला पुस्तकही वाचवत नाही. गोड गोष्टी खोट्या वाटतात. सगळे मरतात त्या गोष्टी सोसत नाहीत. असे काही सांगा, ज्यात काळोख खरा आहे, पण एकजण वाचतो, आणि वाचल्यावर पुढे काय करायचे ते त्याला कळते."

गुरुवारी काकूंनी ते वाचले. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. त्या दिवशी त्यांनी काहीच लिहिले नाही. 'हाडांचा पूल' हे पूर्वी वाचलेलेच पुस्तक घेऊन त्या घरी गेल्या, कारण अशा माणसाला आठवणीवर विसंबून सांगायचे नसते. पुढच्या गुरुवारी त्यांनी पुस्तक परत ठेवले आणि माझ्या शेवटून दुसऱ्या पानावर उत्तर लिहिले. आता बंबवाला यायचा तेवढा अवकाश होता.

पण शुक्रवारी कार्यवाहसाहेब आले. वाचनालयाचा कारभार त्यांच्याकडे होता. बाई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. साहेबांनी मला उघडले आणि मोठ्याने वाचू लागले, "कोण वाचले? कोणीच नाही. कोणीच नाही. एक कुत्रा?" ते शिपाईमामांवर ओरडले, "मामा, ही पुस्तकं वीस वर्षं कपाट अडवून बसलीत आणि वाचली कुणी, तर कुत्र्यानं!"

"पण साहेब, लोक नेतात की ही पुस्तकं," मामा म्हणाले.

"नेत असतील. वाचत नाहीत! इथं स्वच्छ लिहिलंय!"

झाले! चाळीस पुस्तके सुतळीने बांधून जिन्याखाली टाकली गेली. बाईंनी येऊन सही केली की ती रद्दीत जाणार होती. माझा दोरा कापला आणि पुरावा म्हणून मला बाईंच्या टेबलाच्या खालच्या खणात कुलूपबंद केले.

मित्रांनो, माझ्यात तळघरांतल्या कैद्यांच्या कितीतरी गोष्टींची शिफारस होती. पण कोंडले जाणे म्हणजे काय, ते मला त्या खणात कळले. शेजारी सुकलेला शिक्का-पॅड, तुटकी पट्टी आणि गंजलेल्या टाचण्या. ओल धरून लाकूड असे फुगले होते की उजेडाची एक रेघही आत येईना. रेघा काय त्या माझ्याच अंगावरच्या, त्याही दिसत नव्हत्या. वीतभर वर टेबल होते, तिथले सगळे ऐकू येई. ऐकणे तेवढे माझ्या हातात होते.

शनिवारी बंबवाल्याचा आवाज आला. "मामा, कपाटाजवळची वही कुठं गेली?"

"खणात आहे. साहेबांनी कुलूप लावलंय."

"एकदा बघता आली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी विचारलं होतं तिच्यात."

"किल्ली साहेबांकडे, बाबा. मी हुकुमाचा ताबेदार."

तो आणखी दोनदा आला. तिसऱ्यांदा टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. "हे माझं कार्ड जमा करून घ्या, मामा. आता काही वाचायचं नाही." उत्तर माझ्या पोटात, तो वीतभर अंतरावर, आणि मला साधे पान फडफडवता येईना. त्याची पावले दूर गेली. मला फार रडू आले, पण शाई पसरेल म्हणून मी तेही आवरले.

आठवड्याने बाई परतल्या. साहेबांनी सहीसाठी कागद पुढे केला. बाई म्हणाल्या, "आधी पुरावा दाखवा." कुलूप उघडले, पण खण अडकला. बाईंनी दोन्ही हातांनी असा हिसका दिला की आख्खा खण त्यांच्या मांडीवर आला. त्यांनी एक डोळा मिटून मला उघडले.

"अगं बाई! माझी वेलांटी!" त्या हसू लागल्या. मग दुसराही डोळा उघडून वाचत गेल्या, खून, लढाया, सगळे. शेवटच्या पानांपाशी त्यांचे हसू थांबले.

"म्हणजे तो कुत्रा..." साहेब चाचरले.

"कुत्रा वाचला, साहेब. मेला नाही, एवढंच."

साहेब ओशाळले. पण माणूस वाईट नव्हता. जिन्याखालचे गठ्ठे त्यांनी स्वतः उचलून आणले. मामांनी बंबवाल्याचे जमा केलेले कार्ड काढून दिले, बाईंनी त्यावरचा नंबर फिरवला, आणि तासाभरात बंबवाला धापा टाकत हजर झाला. त्याने उभ्या उभ्याच वाचले:

"'हाडांचा पूल' न्या. पुन्हा वाचून सांगते आहे. पहिली शंभर पाने फार क्रूर आहेत, दमाने घ्या. शेवटी एकटा पहारेकरी वाचतो. तो कुणालाही विसरत नाही. फक्त सकाळी उठून पूल पुन्हा बांधायला घेतो. माझा मुलगाही असाच एका अपघातातून परत आला नाही. तेव्हापासून रात्री शिवणकाम आवरले की मी ही पुस्तके वाचते. दर गुरुवारी चार वाजता मी इथे असते. सुईदोरा."

"डॉक्टर नाहीत तर!" एवढेच तो म्हणाला, आणि पुस्तक घेऊन गेला.

मित्रांनो, आता मी भरले आहे. खिळ्याला नवी वही टांगली आहे. मी त्याच खणात असते, पण आता कुलूप नाही. एखादी गोष्ट तुम्हाला रुचत नसेल, समजत नसेल, तर ती बांधून जिन्याखाली टाकण्याआधी कुणाला तरी विचारा. तिच्यात एखाद्याचे उत्तर असू शकते. आणि कधी आलात तर मला बाहेर काढा. खण अजूनही अडकतो, जरा जोर लावा.

माझे शेवटचे पान मात्र जरूर पाहा. पुस्तक नेल्यानंतरच्या गुरुवारी चार वाजता बंबवाला ते परत करायला आला. काकू स्टुलावर बसल्या होत्या. बाई वेलांटी द्यायला पेन घेऊन पुढे झाल्या, तर त्याने मथळ्यावर तळहात ठेवला. "राहू द्या, बाई. बरोबर आहे ते." मग त्याने माझी शेवटची ओळ लिहिली. पुस्तकाचे नाव, 'हाडांचा पूल'. कसे आहे? "खरे." आणि 'कोण वाचले?'च्या रकान्यात एकच अक्षर आहे.

"मी."