चार बोटांचा हातमोजा

या सगळ्याची सुरुवात मीच केली, हे आधीच कबूल करते. नाहीतरी घरातल्या कुणीतरी ते तुम्हाला सांगितलंच असतं.

नोव्हेंबरातला रविवार होता. सासूबाईंकडे सगळे जेवायला जमलो होतो. पोट भरलेलं असलं की मला मोठमोठे विचार सुचतात. मी जाहीर करून टाकलं, की या नाताळाला कुणीही दुकानातून भेटवस्तू आणायची नाही. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने काहीतरी बनवायचं. माणसं अकरा, चिठ्ठ्या अकरा. जिची चिठ्ठी येईल तिच्यासाठी, ज्याची येईल त्याच्यासाठी.

"तू?" माझा नवरा म्हणाला. "हाताने?"

त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मी बस डेपोत वेळापत्रकं लावते. कोणती गाडी किती वाजता सुटणार, कोणता ड्रायव्हर कधी जेवणार, हे सगळं माझ्या टेबलावर ठरतं. आकड्यांत मी कधी चुकत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असते. पण सुई-दोरा, कात्री, डिंक म्हटलं की आनंदच. शर्टाचं बटण तुटलं तर आमच्याकडे शर्ट बदलतात. मागे एकदा मुलीच्या शाळेसाठी मी पुठ्ठ्याचं घर करून दिलं होतं. बाईंनी ते प्रदर्शनात 'भूकंप' या तक्त्याखाली मांडलं.

पण आदल्या नाताळात मला एकसारख्या तीन फुलदाण्या मिळाल्या होत्या आणि तो राग अजून गेला नव्हता. शिवाय धाकटी जाऊ लगेच म्हणाली, "किती छान कल्पना आहे, ताई!" ती हॉस्पिटलात नर्स आहे, आणि ती पट्टीसुद्धा अशी बांधते की जखम बरी झाली तरी सोडवत नाही. ती हो म्हणाल्यावर मला मागे फिरणं शक्यच नव्हतं.

चिठ्ठ्या टाकल्या. मी माझी उघडली. आत लिहिलं होतं, 'बाबा'.

बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. कुणाच्याही घरी गेले की आधी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवतात, आणि मग फक्त "हं" म्हणतात. त्या एका 'हं'मध्ये सगळा निकाल असतो. माझ्या लग्नात माहेरून आलेल्या कपाटालाही तो 'हं' मिळाला होता आणि वर्षभरात त्या कपाटाचं दार निखळलं. बावीस वर्षांपूर्वी करवतीच्या यंत्राखाली त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट मुळापासून गेलं. फोटो काढायचा म्हटलं की तो हात खिशात जातो. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की ते बोट नाही हे आमच्या लक्षातच येत नसे. माझ्या तर मुळीच आलं नाही, ते पुढे कळेलच.

आधी मी त्यांच्यासाठी किल्ल्या अडकवायची लाकडी पट्टी करायला घेतली. सुताराला लाकडाची वस्तू द्यायची, हे सुचायलाही वेगळीच अक्कल लागते. तिसरा खिळा ठोकताना पट्टी उभी चिरली. मग मेणबत्त्या झाल्या. त्या साच्यातून बाहेर यायला तयार नव्हत्या, आणि मेण वितळवलेलं पातेलं अजूनही पाण्याला जवळ येऊ देत नाही. डिसेंबर उजाडला तेव्हा माझ्या हातात एकच गोष्ट होती: भाजलेला अंगठा.

शेवटी डेपोतल्या तिकीट खिडकीवरची बाई माझ्या मदतीला आली. ती दोन गाड्यांच्या मधल्या वेळात स्वेटर विणते. म्हणाली, "हातमोजे विणा. बाबा सकाळी सायकलवर जातात ना? थंडीत उपयोग होईल." तिने मला राखाडी लोकर आणून दिली, सुया दिल्या आणि जेवणाच्या सुट्टीत शिकवायला लागली. सुलट, उलट, सुलट, उलट. पहिल्या दिवशी माझं विणकाम पाहून एका ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, जाळं का? मासे धरायला?"

डाव्या हाताचा मोजा व्हायला तीन आठवडे लागले. चार वेळा उसवला, पण झाला. अंगठा धरून पाच बोटं, पाचही आपापल्या जागी. मी तो हातात घालून डेपोभर फिरले. सगळ्यांना दाखवला, दोनदा दाखवला.

उजवा मोजा राहिला होता, आणि राहिले होते चार दिवस. नेमक्या त्याच चार दिवसांत सुट्टीच्या जादा गाड्यांचं वेळापत्रक लावायचं होतं. एका हाताने गाड्या, दुसऱ्या हाताने टाके, असं चाललं होतं. सात पंधराची गाडी सात चाळीसला नेली, बारा टाके एका बोटाला घेतले, कंडक्टरची सुट्टी बदलली, पुन्हा बोट. नाताळाच्या आदल्या दुपारी शेवटची गाठ मारली आणि तसाच कागदात गुंडाळला. पाहिलासुद्धा नाही. मी आकड्यांत चुकत नाही ना!

नाताळाचं जेवण आमच्याकडे होतं. तीही माझीच हौस. सकाळी चर्चमधून आलो तेव्हापासून घरात जत्रा भरली होती. नवरा स्टुलावर चढून दारावरचा तारा चिकटपट्टीने लावत होता आणि तारा त्याच्या डोक्यावर पडत होता. शेजाऱ्यांकडून चार खुर्च्या आणल्या, त्यातली एक डुगडुगत होती. दिराच्या मुलांनी झाडावरचे सगळे गोळे खालच्या एकाच फांदीला लटकवले, कारण त्यांचा हात तिथपर्यंतच पोचत होता. सासूबाई स्वयंपाकघरात "मी काही करत नाही, नुसती बघते" म्हणत शिरल्या आणि पाच मिनिटांत चमचा माझ्या हातातून त्यांच्या हातात गेला.

"कोंबडी आत कच्ची आहे गं."

"आई, अजून अर्धा तास आहे तिला."

"मग केक कुठे भाजणार?"

हा प्रश्न मी वेळापत्रकात धरलाच नव्हता. रोज साठ गाड्यांना वाट करून देणाऱ्या मला एका ओव्हनमध्ये दोन पदार्थ बसवता आले नाहीत.

जेवणाला उशीर होणार हे कळल्यावर दीर म्हणाला, "चला, तोवर भेटी उघडू." त्याने स्वतः पक्ष्यांसाठी घर केलं होतं, फक्त आत शिरायला भोक ठेवायचं विसरला होता. मला फार बरं वाटलं. पण मग सासूबाईंनी जावेने दिलेली गोधडी उघडली. घरातल्या सगळ्यांच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडलेले, टाका कुठे आहे ते दिसेना. माझं बरं वाटणं तिथेच संपलं.

मग बाबांनी माझं पुडकं उघडलं. आधी डावा मोजा निघाला. त्यांनी त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, पण 'हं' म्हणाले नाहीत. मग उजवा काढला आणि समोर धरला.

एक, दोन, तीन बोटं. आणि अंगठा.

मी पुन्हा मोजली. वरून मोजली, खालून मोजली. चारच. तोंड उघडून "बाबा, चुकून" एवढं म्हणणार, इतक्यात त्यांनी तो मोजा डाव्या हातात घातला.

बसला. तर्जनीत तर्जनी, पुढच्या बोटात अनामिका, शेवटच्यात करंगळी. मध्ये काहीही रिकामं लोंबत नव्हतं. त्यांनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

मग सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बावीस वर्षं," त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं मी त्यांच्या मोज्याचं ते बोट आत दुमडून शिवत आले. ते सायकलच्या ब्रेकमध्ये अडकतं म्हणून. मला कधी सुचलं नाही गं."

"ताई," जाऊ म्हणाली, तिचेही डोळे भरलेले, "कसं सुचलं तुम्हाला?"

खरं सांगायची हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं.

"सुचलं आपलं," मी म्हणाले.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळे माझ्याकडे असे बघत होते, की मी पुढे म्हणाले, "बरेच दिवस बघत होते मी. बाबा सायकलवरून येतात तेव्हा."

सर्वांत वाईट नवऱ्याचं झालं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण त्याने माझ्याकडे इतक्या आदराने कधी पाहिलं नव्हतं. हा माणूस चार दिवस मला लोकरीला शिव्या घालताना ऐकत होता, आणि आता त्याला वाटत होतं की त्या शिव्यांच्या आड काहीतरी थोर चाललं होतं.

जेवणभर माझंच कौतुक. कोंबडी एका बाजूने करपली होती, तरी कुणी बोललं नाही. अशा सुनेची कोंबडी करपली म्हणून काय झालं! सासूबाईंनी मुलांना बाबांच्या बोटाची गोष्ट पुन्हा सांगितली: कारखान्यात जोडीदाराचा हात यंत्राखाली जात होता, बाबांनी त्याला ढकललं, त्याचा हात वाचला आणि यांचं बोट गेलं. बाबा खाली मान घालून बटाटे खात होते. मोजा काढायला तयार नव्हते.

जेवणानंतर घर आडवं झालं. मी चहाचे दोन कप घेऊन मागच्या दारी गेले. बाबा दोन्ही मोजे चढवून पायरीवर बसले होते आणि शेजाऱ्यांच्या डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली चकती बसवत होते.

"बाबा, एक सांगायचंय."

"सांग."

"ते बोट... मी मुद्दाम नाही केलं. माझे टाके चुकले. मी मोजलंच नाही."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "माहीत आहे."

"कसं?"

त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. दोन्ही मोज्यांचे अंगठे उलट्या बाजूला वळले होते. "हा उजव्या हाताचा मोजा आहे, सूनबाई. मी डाव्यात घातलाय, आणि डावा उजव्यात. मुद्दाम करणाऱ्याने अंगठा तरी नीट लावला असता."

मी पायरीवर बसकणच मारली. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलणार होतो. पण ही रडायला लागली." ही म्हणजे सासूबाई. "बोट गेलं तेव्हा ही रडली नव्हती. हॉस्पिटलात नाही, घरी नाही. पोरं लहान होती, हिला रडायला सवड कुठे होती? म्हटलं, आज रडतेय तर रडू दे."

मग ते चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "आणि मी कुणाला ढकललं वगैरे नव्हतं."

"म्हणजे?"

"यंत्राच्या पलीकडे माझा चहा ठेवला होता. गार व्हायला नको म्हणून हात लांबवला. यंत्र बंद करायचा कंटाळा केला, एवढंच. जोडीदार बिचारा हिला भेटायला आला. याचं बोट चहापायी गेलं असं बाईमाणसाला कसं सांगायचं, म्हणून त्याने ती गोष्ट रचली. मी शुद्धीवर आलो तेव्हा सगळीकडे पसरली होती."

मला हसू यायला लागलं. आवरेना. तेही हसायला लागले, खांदे हलवत, आवाज न करता. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय चाललंय गं तिकडे?"

"काही नाही," बाबा म्हणाले, "खुर्ची बसली." आणि मला हळूच म्हणाले, "आता तू माझं सांगायचं नाहीस, मी तुझं नाही. फक्त एक कर. मला चार बोटांचा एक खरा डावा विणून दे. याने ब्रेक धरताना अंगठा पिळवटतो."

जानेवारीभर मी तेच करत होते. या वेळी जादा गाड्या नव्हत्या, घाई नव्हती. तिकीट खिडकीवरची बाई तर म्हणाली, की आता तुमच्या हाताला वळण लागलंय, बघावंसुद्धा लागत नाही. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून शेवटी शेवटी मी बघणं सोडून दिलं. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पुडकं घेऊन गेले. बाबांनी उघडलं. अंगठा अगदी बरोबर, डाव्या बाजूचा. शिवण सरळ, टाके एकसारखे. ते पाहून ते चक्क "वा" म्हणाले.

मग सासूबाईंनी मोजा हातात घेतला आणि एकेक बोट चिमटीत धरून मोजलं. पाच.

"काय गं," त्या माझ्याकडे बघत प्रेमाने म्हणाल्या, "या वेळी लक्ष नव्हतं वाटतं तुझं?"

बाबा एकदम खोकायला लागले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि म्हणाले, "नव्हतं, आई."

सासूबाईंनी सुई-दोरा आणला, मधलं बोट आत दुमडलं आणि शिवून टाकलं.