चढणीला अडलेला काटा

मित्रांनो, मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे. नाशिकच्या एका दवाखान्यात, कॅज्युअल्टीच्या दारावर टांगलेले. गोदावरीला पूर सोडायचा की नाही, हे आधी मला विचारतात. मी थांबले की सूर्यसुद्धा सातपूरच्या धुराड्यांमागे अडकून बसतो. थापा वाटतात? वाटू द्या. एकदा मी खरोखर थांबले. वेळ मात्र थांबली नाही. तेच सांगते.

हृदय बंद पडलेला माणूस इथे आला की चौघे जण त्याच्यासाठी झटतात. पाचवी सिस्टर त्याला हातही लावत नाही. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून ती माझ्याकडे बघते आणि लिहिते, कुठले औषध किती वाजता दिले. दर दोन मिनिटांनी ती मोठ्याने सांगते, मग छाती दाबणारा माणूस बदलतो. थकलेल्या हातांनी दाबलेली छाती म्हणजे न दाबल्यासारखीच; मेंदूपर्यंत रक्त पोचत नाही.

पूर्वी माझी कोण तारीफ व्हायची. मग बाहेर टीव्ही आला, आणि मला पुसायचेही सगळे विसरले.

त्या दुपारी मॅच होती. रिमोट चालेना. आमचे वॉर्डबॉय नवनाथमामा स्टुलावर चढले, माझा चांगला सेल रिमोटला घातला आणि रिमोटचा संपत आलेला मला.

"तुला काय, नुसतं गोल तर फिरायचंय," म्हणाले.

संपत आलेल्या सेलवर घड्याळ लगेच बंद पडत नाही, तेच वाईट. सेकंदकाटा चढणीला लागला की नऊपाशी दम सोडतो आणि तिथेच थरथरत राहतो. लांबून वाटते, चालू आहे.

थोड्याच वेळात पुंजाला आणले. कारखान्यात मशीनपाशी कोसळला होता. त्याची बायको कुसाबाई दारात, माझ्या बरोबर खाली उभी. तिचे डोळे नवऱ्यावर, रोशनी सिस्टरचे माझ्यावर.

नवनाथमामा छाती दाबत होते. "झाली का दोन मिनिटं?"

"नाही मामा. दाबा."

डॉक्टर पल्लवींनी इंजेक्शन दिले. रोशनीने माझ्याकडे बघून वेळ लिहिली. माझा काटा नऊपाशी थरथरत होता.

"सिस्टर, हात गळाले माझे."

"मिनिटसुद्धा नाही झालं, मामा. मॅच बघताना बरा दम असतो तुम्हाला."

मॅच म्हटल्यावर मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"त्याच्याकडे नका बघू, सिस्टर. त्याचा सेल मी रिमोटला घातलाय."



"माणूस बदला," पल्लवी मॅडम म्हणाल्या. "रोशनी, इंजेक्शन किती वाजता दिलं?"

"लिहिलंय मॅडम. पण ते खरं नाही."

"मग तसंच लिही, घड्याळ बंद होतं म्हणून. मोबाईल लाव. आतापासून मोज."

पुढच्या खेपेला पुंजाची नाडी लागली. कुसाबाई दारातच खाली बसली. मधली किती मिनिटे थकलेल्या हातांत गेली, हे कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही.

पुंजा वाचला. पुढे एकदा तपासणीला आला, आपल्या पायांनी चालत. कुसाबाईचे नाव मात्र त्याला आठवावे लागले.

मित्रांनो, भिंतीवरचे काही काढण्याआधी एवढे विचारा, की त्याच्याकडे कोण बघत असते. मला आता नवा सेल आहे. मामा रोज मला पुसतात. पण आज ते सुट्टीवर आहेत. बाहेर मॅच लागायची आहे, रिमोट पुन्हा चालत नाही, आणि नव्या वॉर्डबॉयने स्टूल आणून माझ्याखाली ठेवले आहे.

ही थाप नाही.