दक्षिणेकडे पाय

"अभी गाड दे, हाशम. लडाई के बाद निकाल लेंगे," फकरुद्दीन म्हणाला, आणि ताडपत्रीकडे न बघता त्याने विडी पेटवली.

ताडपत्रीखाली धोंडीराम होता. सकाळी पाण्याच्या टँकरपाशी बादली घेऊन उभा होता. सरहद्दीपलीकडून एक तोफगोळा आला, टँकरच्या पलीकडे फुटला. टँकरला काही झालं नाही, धोंडीराम तेवढा पडला. कानामागे एवढीशी जखम. हाशमला वाटलं, आता उठेल आणि शिव्या घालेल मेला. त्याने दोनदा हाक मारली, खांदा हलवला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो तिथेच वाळूत बसला.

लढाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे विमानं येतात, रणगाडे येतात. पण एवढी मोठी फौज वाळवंटात आणून बसवायची म्हणजे तिला राहायला जागा लागते, स्वयंपाकघर लागतं, आणि हो, संडासही लागतात. ते कोण खणणार? ते खणायला आमचे कोकणातले लोक होते. सौदीत, कुवेतच्या सरहद्दीजवळच्या अल खफजीच्या दक्षिणेला, रस्त्याच्या कडेला, कंपनीने लष्कराकडून काम घेतलं होतं. हाशम जेसीबी चालवायचा, खड्डे काढायचा, गाड्यांभोवती वाळूचे बांध घालायचा. धोंडीराम सुतार. तो प्लायवूड कापून संडासाच्या खोल्या उभ्या करायचा आणि दाराला कडी नीट बसते की नाही हे स्वतः आत जाऊन बघायचा. "गोरा असो नायतर अरब, कडी लागल्याशिवाय कोणाचा जीव थाऱ्यावर नसतो," म्हणायचा. फकरुद्दीन त्यांचा फोरमन, हैदराबादकडचा, माणूस वाईट नव्हता.

सैनिकांना विषारी वायूसाठी मुखवटे मिळाले होते. मजुरांना मिळाले टॉवेल. भोंगा वाजला की ओला करून तोंडावर धरायचा. त्या टॉवेलवरून कॅम्पात फार थट्टा चाले, पण एका संध्याकाळी धोंडीराम थट्टा सोडून बोलला होता. दोघं दाभोळच्या खाडीवरचे, समोरासमोरच्या वाड्यांतले. एकाच तरीत बसून शाळेला गेलेले, एकाच एजंटाच्या मागे लागून इथं आलेले.

"हाशम, मी मेलो तर मला या वाळूत घालू नको हां," तो म्हणाला होता. "बायजाला कायतरी दिसू दे. समाधानच्या हातचा अग्नी मिळू दे."

"मरतोस कशाला मेल्या? आणि मेलासच तर नेतो. माझा शब्द."

शब्द द्यायला काय जातं? आता तो शब्द ताडपत्रीखाली येऊन पडला होता. साहेब लोक गाड्या घेऊन केव्हाच दम्मामकडे पळाले होते. रस्ता फक्त लष्कराला मोकळा. खफजी शहरात इराकी शिरल्याची बातमी होती, आणि दुपारपर्यंत कॅम्प खाली करा असा हुकूम आला होता. लष्कराच्या गाडीत जिवंत माणसं घेऊ, मेलेलं घेणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. फकरुद्दीनने हात जोडून बघितले, काही उपयोग झाला नाही. उघड्यावर टाकून जायचं तर कुत्री होती.

हाशमने जेसीबी सुरू केला नाही. त्याने फावडं घेतलं. त्याचा बाप गावात कबरी खणायचा, आणि मिसरूड फुटल्यापासून हाशम त्याच्या हाताखाली होता. एकामागून एक फावडं पडत गेलं. तेलाची टाकी पेटलेली, आभाळ काळंकुट्ट, सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. समुद्र मात्र दिसत होता, तो पूर्वेला. समुद्राकडे पाठ केली आणि तो खणत सुटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुरानं की कशानं हे त्याचं त्याला ठाऊक. धोंडीरामला दोघांनी खाली उतरवला, डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. गावाकडे घालतात तशा वर तिरक्या फळ्या घातल्या. फळ्या धोंडीरामनेच सकाळी संडासासाठी कापून ठेवल्या होत्या. माती लोटली, वर एक खांब रोवला आणि त्यावर काळ्या रंगाने नाव लिहिलं.

"येतो रे," हाशम म्हणाला, आणि गाडीकडे धावला.

खफजी काही दिवसांत परत मिळाली, पुढे महिन्याभरात लढाईही मिटली. धोंडीरामचं मात्र कोणी नाव घेईना. कंपनीच्या दम्मामच्या ऑफिसात कुमार नावाचा माणूस बसे. तो कधी म्हणे परवानगी यायची आहे, कधी म्हणे लष्कराचा भाग आहे, आपल्या हातात नाही. कंपनीने सगळ्यांना सुटी दिली, तिकिटं दिली. दम्मामचा कॅम्प रिकामा झाला. फोरमन म्हणून फकरुद्दीन राहिला, आणि हाशम राहिला. फकरुद्दीनने समजावलं, तुझी बायको वाट बघत असेल, जा. हाशम म्हणाला, तरीतून उतरल्यावर आधी धोंडूचं घर लागतं, मी त्या दारावरून कसा जाऊ?

जवळच्या खोबर शहरात जाऊन तो गावच्या दुकानात फोन लावायचा. बायको, बिलकिस, तिकडून सांगायची की धोंडूच्या बायकोने, बायजाबाईने, कुंकू पुसलेलं नाही. दहावं नाही, बारावं नाही. लोकांनी सांगून बघितलं, भावकीने दटावलं. ती म्हणते, मी मेलेला बघितला नाय, मग मेला कशावरून? रोज संध्याकाळी धक्क्यावर येऊन उभी राहते. एकदा बिलकिस रडायलाच लागली. "तुम्ही त्याला घेऊन या, नायतर ती बाई वेडी होईल," म्हणाली.

शेवटी उन्हाळा भरात आला तेव्हा परवानगी मिळाली. हाशम, फकरुद्दीन, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आणि एक सौदी अधिकारी असे सकाळीच खफजीला पोचले. गाडीतून उतरला आणि हाशम जागीच थांबला.

त्याने एक कबर सोडली होती. समोर कबरीच कबरी होत्या. लढाईत पडलेले इराकी शिपाई लष्कराने तिथेच पुरले होते. जमीन खणलेली, मऊ, बांधाच्या आडोशाला, म्हणून सोयीची वाटली असेल. सगळे ढिगारे सारखे. उशाला एकेक दगड, नाव कोणाचंच नाही. आणि खांब? तो कुठला राहायला! थंडीचे दिवस होते, कोणा शिपायाने चहाखाली घातला असेल. हाशमला त्याचा राग येईना, तो स्वतः तेच करता.

अधिकारी कडक होता, पण उद्धट नव्हता. त्याने सांगितलं ते फकरुद्दीनने समजावून दिलं. ही मुसलमानांची थडगी आहेत. एकामागून एक उकरत बसणं हराम आहे, मी होऊ देणार नाही. तुला खात्री असेल ती एक दाखव. ती चुकली तर माती लोटायची आणि परत फिरायचं, पुन्हा विचारायचं नाही.

हाशम ओळींमधून फिरू लागला. बांध वाऱ्याने सरकलेला, टँकरची जागा बुजलेली. एका ढिगाऱ्यापाशी थांबे, पुढे जाई, पुन्हा मागे येई. अंदाजाने बोट दाखवावं तर धोंडू कायमचा इथलाच होणार, आणि ती बाई मरेपर्यंत धक्क्यावर उभी राहणार. फकरुद्दीन लांबून म्हणाला, याद कर, याद कर. त्याला काय आठवणार होतं? खणताना त्याने मान वर तरी केली होती का?

तो बांधाच्या उरलेल्या उंचवट्यावर चढला, आणि तिथून त्याला दिसलं. सगळे ढिगारे एका रेषेत, तिरपे, काब्याकडे तोंड करून. मधल्या ओळीत एकच ढिगारा वाकडा पडलेला. शेजारच्या दोघांनी त्याच्यासाठी जागा सोडली होती.

अधिकाऱ्याचंही लक्ष तिकडे गेलं. तो नापसंतीने काही बोलला. ज्याने ही खणली त्याला किब्ला, म्हणजे काब्याची दिशा, एवढंसुद्धा माहीत नव्हतं, असं तो म्हणत होता.

"मी खोदली," हाशम म्हणाला. "हीच ती. मी खोदली."

अधिकारी त्याच्याकडे वळला. तू मुसलमान, इतकी वर्षं या देशात नमाज पढतोस, आणि तुला दिशा कळू नये? हाशमने मान खाली घातली. कॅम्पात नमाजाच्या जागेवर दगडांची ओळ मांडलेली असे. त्या ओळीवर उभं राहायचं, त्यात त्याची कधी चूक झाली नव्हती. पण कबर त्याने या मुलखात पूर्वी कधी खणलीच नव्हती. हाताला ठाऊक होती ती गावची उत्तर-दक्षिण कबर.

"आमच्या गावाहून मक्का पश्चिमेला आहे, साहेब," तो एवढंच म्हणाला.

फकरुद्दीनने ते अरबीत सांगितलं. अधिकाऱ्याने हाताने खूण केली, खणा.

फावडं फळीवर वाजलं. हाशमने गुडघ्यावर बसून हाताने वाळू झाडली. फळीवर पेन्सिलच्या खुणा होत्या. धोंडीराम काप घेण्याआधी अशीच बारीक रेघ ओढायचा आणि कडेला फुली मारायचा. त्या फुलीवर हाशमने हात ठेवला आणि मग त्याला रडू आवरेना. फकरुद्दीनने त्याला बाजूला घेतलं आणि पुढचं काम ड्रायव्हरबरोबर स्वतः केलं.

निघण्याआधी अधिकाऱ्याने खड्डा बुजवायला सांगितला. हाशमने बुजवला. आजूबाजूला पडलेल्यांच्या बायकाही कुठे तरी धक्क्यावर नाहीतर दारात उभ्या असतील, असं त्याच्या मनात आलं. त्यांचा सगळ्यांचा किब्ला बरोबर होता, कोण कुठला हे मात्र कधीच कळणार नव्हतं. त्याने उभ्या उभ्याच त्यांच्यासाठी दुआ मागितली.

पेटी गावात पोचली तेव्हा भरती होती. तरीतून उतरवायला दोन्ही वाड्यांतले लोक आले होते. पेटी सीलबंद होती, उघडायची नाही असं बजावून सांगितलं होतं. बायजाबाई पुढे आली. कपाळाला ठसठशीत कुंकू, केस नीट बांधलेले. तिने पेटीवर हात फिरवला, कडा चाचपल्या. सुताराची बायको ती, हे लाकूड बरं नाय, म्हणाली.

"हाशम भावजी, एकदा तोंड दाखवा."

"नको गो वहिनी. नको बघू."

"मग कशावरून तोच? पेटीत काय, कोणालाही घालतील."

भावकीतला कोणी तरी तिला ओढायला लागला. हाशमने त्याला थांबवलं. बायको, भाऊबंद, गाव सगळं बघत होतं. तिला खुणेची फळी सांगावी, की फुली सांगावी?

तिनेच विचारलं, हळू आवाजात, "तिथं त्यांना कसं ठेवलं होतं?"

"मीच ठेवला, माझ्या हातानं," हाशम म्हणाला. "आपल्याकडं ठेवतात तसाच. पाय दक्षिणेकडं."

बायजाबाईने पदराचं टोक घेतलं, आणि कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं. गळ्यातली काळी पोत काढली, पेटीवर ठेवली, आणि मुलाला, समाधानला म्हणाली, "उचला आता. ओहोटी लागायच्या आत मसणवटीत पोचायला हवं."

लोकांनी पेटी खांद्यावर घेतली. पुढचा एक कोपरा समाधानकडे होता, दुसऱ्याखाली हाशमने खांदा दिला.