दोरीवरची बोई

शहातानं दोरी ओढून घेतली आणि टोकाला बांधलेली बोई माशाची मादी तळहातावर उलटी केली. कल्ल्याखालची कातडी सोलवटली होती.

"वाटलंच मला. सकाळपासून एक नर फिरकला नाही. जाबिर, ओठातून ओवायची सोडून दोरी कल्ल्यातून कुणी ओवली?"

"मीच. घाईत होतो, बाबा."

"घाईत! जखमेचा वास पाण्यात उतरला की सगळा कळप पळतो. मादी धडधाकट हवी, तरच नर मागं येतात आणि पागाचं जाळं फेकता येतं. पण तुझं चित्त मेलं इटलीत."

जाबिर नुसता हसला. परवा बुरुल्लुसच्या किनाऱ्यावरून इटलीला चोरून माणसं नेणारी होडी निघणार होती आणि तिच्यात त्याची जागा ठरली होती. त्याचा थोरला भाऊ मुसअद असाच गेला होता. तेव्हापासून त्याचे फोटो येत: नवं जाकीट, कुणाच्या तरी लाल मोटारीला टेकलेला, तोंडभर हसू. ते बघून गावातली पोरं होडीत चढत. शहाता नको नको म्हणून थकला होता. आताशा वल्हंसुद्धा जड वाटे.

जाबिरचा फोन वाजला. पडद्यावर मुसअद.

"काय रे जाबऱ्या, पिशवी भरलीस का?"

शहातानं फोन मागून घेतला. प्रत्येक फोटोत मुसअदचा डावा हात खिशात असे. आताही तो हात दिसत नव्हता.

"मुसअद, तुझ्या भावाला अजून जाळ्याची गाठ येत नाही. तू झकास मारायचास. दाखव बरं त्याला."

"इथं सुतळी कुठाय, बाबा?"

"बुटाची नाडी असेल की. फोन टेकवून ठेव कुठंतरी."

मुसअदचं हसू मावळलं. त्यानं फोन कशाला तरी टेकवला. मग डावा हात वर आणला. अंगठा होता, करंगळी होती, मधे काही नव्हतं.

"यंत्रात गेली. आईला सांगू नका."

"आणि तरी भावाला बोलावतोस?"

"एकटा आहे हो मी, बाबा."

फोन बंद झाला. शहातानं तो जाबिरला परत दिला. धाकटा आता जाणार नाही, या विचारानं त्याला आत कुठंतरी हलकं वाटलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. त्यानं जखमी मादी दोरीतून सोडवून पाण्यात टाकली.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"



"त्याच्या शर्टाची बटणं कोण लावत असेल?" जाबिर म्हणाला. "आता तर जायलाच हवं, बाबा."

शहातानं टोपलीतून दुसरी मादी काढली, पण दोरी त्याला ओवता येईना. जाबिरनं ती त्याच्या हातातून घेतली आणि या वेळी अगदी सावकाश, तिला कुठंही न खरचटता, ओठातून दोरी ओवली.